घरात एकच मत होतं

पक्षाचं पाकीट आलं तेव्हा मी भेंडी पुसत होते. भाचीने ते दारातून उचलून आणलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं, पण उघडलं नाही. एरवी माझं सगळं टपाल तीच उघडते.

"आत्या, आलं बघ."

"आलं तर आलं. भेंडी चिरून होऊ दे."

मग मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

पाकिटात मतपत्रिका होती. पंतप्रधानांनी राजीनामा दिला होता. इथे विलायतेत पद्धत अशी की राज्यावर असलेल्या पक्षाने नवा नेता निवडला की तोच देशाचा पंतप्रधान होतो. सगळ्या देशाने मत द्यायचं नाही, फक्त पक्षाच्या सभासदांनी द्यायचं. खासदारांनी गाळून गाळून दोन उमेदवार उरवले होते, एक बाई आणि एक पुरुष. या दोघांतून एक निवडायचा होता.

मी सभासद कशी झाले ते सांगते. माझे मालक इथे बेसिंगस्टोकच्या हॉस्पिटलात डॉक्टर होते. त्यांच्या वरचा मोठा डॉक्टर पक्षात होता म्हणून हेही गेले आणि येताना माझंही नाव घालून आले. वर्षातून एकदा पक्षाच्या मेळाव्याला बटाटेवडे करून न्यायचे, एवढंच माझं राजकारण. निवडणूक आली की ते दोघांचे कागद घेऊन बसत आणि माझ्या कागदावर बोट ठेवून सांगत, "इथे फुली मार." मी मारायची. ते गेले, पण वर्गणी बँकेतून आपोआप जात राहिली. बंद कशी करायची ते आधी माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यावर मी आळस केला.

त्यामुळे आमच्या घरात एकच मत होतं आणि ते माझं होतं. मी चौथीपर्यंत शिकलेली. भाची आणि तिचा नवरा दोघंही इंजिनियर, पण त्या दोघांना या पक्षात मत नव्हतं. मत नव्हतं आणि त्यांचं सगळं त्या मतावर होतं.

भाची माझ्या धाकट्या भावाची मुलगी. तो आमच्या गावी सिंधुदुर्गात असतो. ती आणि जावई इथल्या एका बिझनेस पार्कात कॉम्प्युटरचं काम करतात आणि माझ्याकडे राहतात. ती व्हिसावर आहेत. पाच वर्षं झाली की कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो, त्याला सगळे पीआर म्हणतात. त्यांची चार होऊन गेली होती. पुढच्या एप्रिलमध्ये अर्ज करायचा होता. आणि आता टीव्हीवर रोज चाललं होतं की पाचाची दहा करा. नव्याने येणाऱ्यांना दहा, हे समजत होतं. ज्यांची चार वर्षं भरली त्यांनाही आणखी सहा काढायला लावणार का, ते कोणी धड सांगत नव्हतं.

व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. कंपनीने माणसं कमी केली की थोड्या दिवसांत दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर विमानात बसायचं. जावयाच्या हाफिसात मागच्या वर्षी तसं दोघांचं झालं होतं. पाच वर्षं ही धास्ती सोसता येते कारण शेवट दिसत असतो. भाचीने सगळं त्या शेवटाच्या पलीकडे ठेवलं होतं. घर घ्यायचं ते पीआर झाल्यावर. मूल पीआर झाल्यावर. माझ्या बैठकीच्या खोलीतला सोफा मधोमध बसलाय, तो बदलू म्हटलं तर तेही पीआर झाल्यावर. तिला चौतीस पूर्ण झाली होती. आणखी सहा वर्षं काढावी लागली असती तर मुलाचं काय, हे ती बोलत नव्हती आणि मीही विचारत नव्हते.

आणि माझं काय ते लिहिते. मला मूल नाही. ही दोघं गेली तर मला होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, जावं लागणार. गुडघे गेलेत, एका डोळ्याने नीट दिसत नाही, कानात यंत्र आहे, जिना चढताना दोनदा थांबते.

होम कसं असतं ते मला माहीत आहे. माझी एक मैत्रीण इल्फर्डला होती. चाळीस वर्षं इथे काढली, दुकान चालवलं, गिऱ्हाइकांशी फाडफाड इंग्रजी बोलायची. शेवटी मुलाने होममध्ये ठेवली. मी भेटायला गेले तेव्हा खोली स्वच्छ होती, तिथल्या कामाच्या मुली प्रेमाने वागत होत्या, तक्रारीला जागा नव्हती. पण तिचं इंग्रजी गेलं होतं. डोकं कमी झालं की शेवटी शिकलेलं आधी जातं. ती "पाणी, पाणी" म्हणत होती आणि त्यातली एक मुलगी हसून तिच्या अंगावर शाल घालत होती. मी पाणी दिलं. ती घटाघटा प्यायली आणि मला म्हणाली, "तू इथे नोकरीला लागलीस का गं?" परतताना ट्रेनमध्ये मी मनातल्या मनात स्वयंपाकघरातल्या वस्तूंची इंग्रजी नावं म्हणत आले. शाळेच्या किचनमध्ये मी जन्म काढलाय, पण चाळणीचं नाव आठवेना. घरी पोचेपर्यंत आठवलं नाही.

तेव्हा मी कुणासाठी घाबरले होते असं विचाराल तर आधी स्वतःसाठी.

त्या रात्री जेवताना जावई म्हणाला, "आत्या, माझं ऐका, त्या पुरुषाला द्या. तो बिझनेसमधून आलाय. कंपन्यांना माणसं लागतात हे त्याला कळतं. आणि ती बाई बघा, सरळ दहा म्हणते."

"सरळ म्हणते हेच तर," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो फेअर सिस्टम हवी."

"म्हणजे किती वर्षं?"

जावई पोळी मोडता मोडता थांबला. भाची हसली. "सांग ना, किती वर्षं?"

"तसं त्याने आकडा दिला नाहीये."

"ती बाई कधी हसत कशी नाही पण?" भाची म्हणाली. "भीती वाटते तिच्याकडे बघून."

"दात दुखत असतील," मी म्हटलं.

माझ्या डोक्यात शाळेचे हेडमास्तर होते. किचनमध्ये असताना मी बरेच हेडमास्तर येताना-जाताना पाहिले. एक बाई अशी होती की आल्या आठवड्यात किचनमध्ये येऊन तिने सांगितलं, पैसे कमी आहेत, तुमच्यातल्या दोघींना नाताळपर्यंत जावं लागेल, त्या कोण हे शुक्रवारी सांगते. शुक्रवारी सांगितलं. आम्ही तिला शिव्या दिल्या, पण त्या दोघींनी नाताळच्या आत दुसरीकडे काम धरलं. तिच्यानंतर आलेला साहेब रोज किचनमध्ये येऊन पुडिंग चाखायचा, आपण सगळे एक कुटुंब आहोत म्हणायचा. त्याने ईस्टरच्या सुट्टीत चौघींना घरी पत्रं पाठवली. तेव्हापासून गोड बोलणाऱ्याची मला जास्त धास्ती.

पण हे झालं किचनचं. देशाचं तसंच असतं की नाही कोण सांगणार?

पुढच्या आठवड्यात रेडिंगच्या बाजूला एका हॉटेलात दोन्ही उमेदवार सभासदांसमोर येणार होते. मी जाते म्हटलं. जावयाने गाडीने नेलं. तो सभासद नव्हता म्हणून त्याला आत घेतलं नाही. तो पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिला. मी त्याला पोळीचा रोल करून दिला होता.

आत फार माणसं होती. बहुतेक माझ्याच वयाची, गोरी, नीटनेटकी. एका गृहस्थाने उठून मला खुर्ची दिली आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. चांगला माणूस. मग ती बाई बोलायला लागली आणि म्हणाली, येणाऱ्यांची संख्या मी कमी करणार, कायम राहायचं तर दहा वर्षं लागतील. हॉल टाळ्यांनी भरला. तो गृहस्थ सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. वाजवता वाजवता त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. तो वाकून माझ्या कानात म्हणाला, "तुमच्याबद्दल नाही हं हे."

मी मान हलवली. माझे हात मांडीवर होते, ते तिथून हलवायची मला भीती वाटत होती. टाळी वाजवली तर भाचीविरुद्ध, नाही वाजवली तर सगळ्यांच्या नजरेत.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी हात वर केला. का केला ते मला आजही सांगता येत नाही. एका मुलीने माईक आणून धरला. माझं इंग्रजी किचनमधलं आहे. मी म्हटलं, माझी भाची इथे चार वर्षं आहे. नोकरी करते, टॅक्स भरते. तुम्ही आलात तर ती राहणार की जाणार?

आधी पुरुष बोलला. उंच, देखणा, आवाज मधासारखा. त्याने माझे आभार मानले. माझ्यासारख्या लोकांनी हा देश उभा केला म्हणाला. त्याच्या आईची काळजी घेणारी नर्सही भारतातली होती म्हणाला. मग न्याय, मग योगदान, मग सगळे पर्याय खुले ठेवून विचार. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी माझ्याकडे बघून वाजवल्या. तो थांबला तेव्हा मी वाट पाहत होते की आता उत्तर देईल.

बाईने माझ्याकडे सरळ पाहिलं. म्हणाली, "जे आधीपासून वाटेवर आहेत त्यांचा नियम मध्येच बदलणं मला बरोबर वाटत नाही. पण माझा निर्णय झालेला नाही, आणि आज इथे मी तुम्हाला शब्द देणार नाही." टाळ्या वाजल्या नाहीत.

गाडीत जावयाने विचारलं, "काय म्हणाले?"

"तो गोड बोलला. ती खरं बोलली."

"मग?"

"मग काय. खरं बोलली म्हणजे आपल्या बाजूने बोलली असं नाही ना."

 मोटरवेला लागल्यावर तो म्हणाला, "आत्या, एवढ्या सभासदांत तुमच्या एका मताने काय होणार आहे? उगीच त्रास करून घेऊ नका." त्याने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की त्याच्या बोटांची हाडं दिसत होती.

यात माझा भाऊ कसा आला ते आता सांगते. आमच्या गावी कुठलंही मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. त्याला कौल लावणं म्हणतात. देवळात पाषाणाला गुरव पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो आणि देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, म्हणजे प्रश्न सांगतो. मग सगळे पाकळ्यांकडे बघत बसतात. उजवीकडची गळली तर होकार, डावीकडची गळली तर नकार. शेत विकायचं, विहीर खणायची, मुलगी कुठे द्यायची, सगळं असंच ठरतं. माझं लग्नही असंच ठरलं. दोन स्थळं आली होती, देवाने डॉक्टरकी शिकणाऱ्याला उजवा दिला. बरं केलं की वाईट, हे मी अजून सांगू शकत नाही.

रविवारी भाची बापाशी व्हिडिओवर बोलते. तिने त्याला निवडणुकीचं सगळं सांगितलं होतं आणि दोन्ही उमेदवारांचे फोटोही पाठवले होते. आम्हाला न विचारता तो ते घेऊन देवळात गेला. गुरवाला इंग्रजी नावं म्हणता येईनात, म्हणून गाऱ्हाण्यात 'ती केस कापलेली बाई' आणि 'तो उंच बापयो' असं घातलं. दोन दिवसांनी भावाचा फोन आला.

"देवान उजवो दिल्यान. त्या बायकेक. बापयाक डावो."

भाची रडायला लागली. आनंदाने. मी तिला इतक्या महिन्यांत रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हा मला कळलं की ती किती दिवस धरून बसली होती. ती शिकलेली आहे, पण त्या देवळाच्या पायरीवर वाढलेली आहे. जावई पुण्याचा. तो म्हणाला, "देवाने इमिग्रेशनचे नियम वाचलेत वाटतं."

"तू गप्प बस," ती म्हणाली. "आत्याचंही तेच मत होतं. हो ना आत्या?"

होतं. माझा विचार आणि देवाचा कौल एका ठिकाणी आले होते. खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मी माझ्या भावाला ओळखते. फोनवर त्याचा आवाज फार खूश होता. पोरीचं परदेशातलं बस्तान बसणार म्हणून एवढा खूश होणारा तो नाही.

दोघं कामाला गेल्यावर मी त्याला फोन लावला.

"गाऱ्हाणा काय घातलंस?"

"घातला नेहमीसारख्या."

"शब्द सांग."

"गुरवान घातल्यान."

"तू सांगितलंस तसाच घातल्यान ना? तू काय सांगितलंस?"

 मागे पंपाचा आवाज येत होता, पोफळींना पाणी सोडलं असणार. मग तो म्हणाला, "यातला कोण इला तर माझा चेडू घराक परत येतला, ता दाखव म्हाराजा. असा सांगितलंय."

चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी. 

"तिका सांगितलंस ह्या?"

"तिना विचारूक नाय."

"लाज नाय वाटली?"

"कसली लाज?" तो चिडला. "माझा वय झाला, ताई. मरताना माझ्या तोंडात पाणी कोण घालतला? तुझ्याकडे चार वर्षां रवला ना चेडू? आता माका नको?"

 त्याला हवं होतं तेच मला हवं होतं. एक मुलगी, आणि तिच्या दोन बाजूंना दोन म्हातारी माणसं. मी फोन ठेवला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मी देव मानते का? दिवा लावते, नवस कधी बोलले नाही. पण त्या पाषाणावरून पाकळी गळताना मी लहानपणी पाहिलीय. देवळात वारा नसतो, कोणाचा हात लागत नाही, सगळे श्वास रोखून उभे असतात आणि एक पाकळी सुटते. ते एकदा पाहिलं की पुण्याचा माणूस काही म्हणो, अंगातून जात नाही. देवाने सांगितलं होतं की ही बाई आली तर मुलगी परत जाईल. माझी अक्कल सांगत होती की हीच बाई त्यातल्या त्यात भरवशाची. मी त्या बाईला मत दिलं आणि भाची गेली, तर मी माझ्या हाताने तिला घालवली असं होणार. त्या पुरुषाला दिलं आणि त्याने हसत हसत तेच केलं, तर मी पाकळीला भिऊन अक्कल गहाण टाकली असं होणार.

भाची रोज विचारायची, "टाकलंस का गं मत?" आणि मी सांगायची, "टाकते." मला तिला खरं सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर ती बापावर चिडली असती, आणि त्याहून वाईट म्हणजे घाबरली असती. कौल आल्यापासून ती चार रात्री नीट झोपली होती.

  एकदा किचनमध्ये उभी राहून मला इंग्रजीत कुकरचं झाकण काय ते आठवेना आणि मी खाली बसले.

शेवटी एका सकाळी दोघं गेल्यावर मी टेबल पुसून घेतलं आणि मतपत्रिका समोर ठेवली. बोट ठेवून दाखवणारं कोणी नव्हतं. मी असा विचार केला की देवाने भावाच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. माझा प्रश्न त्याच्यापुढे कोणी घातलाच नव्हता. माझा प्रश्न मी त्या बाईला विचारला होता, आणि तिने टाळ्या गमावून मला उत्तर दिलं होतं. एवढंच माझ्या हातात होतं. मी बाईच्या नावापुढे फुली मारली. एका डोळ्याने अंदाज चुकला, फुलीचा एक पाय चौकटीबाहेर गेला, आणि मग मत बाद होईल की काय ही नवी भीती.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी गेले. पाकीट अर्धं आत घातलं आणि हात सुटेना. मी तशीच उभी. मागे कुत्रा घेतलेली एक बाई येऊन थांबली, तिच्या हातात वाढदिवसाचं कार्ड होतं. तिने थोडं खाकरलं. मी सॉरी म्हटलं आणि पाकीट सोडलं.

बाई निवडून आली. भाचीने शिरा केला. बापाला फोन केला, दोघं हसत होती. तो माझ्याशी बोलायला फोनवर आला नाही, मीही मागितला नाही. जावई म्हणाला, "चला, आत्यांचं सरकार आलं." मी शिऱ्याचा घास तोंडात फिरवत राहिले.

मग आठवड्यामागून आठवडे गेले. नव्याने येणाऱ्यांना दहा वर्षं, हे तिने जाहीर केलं, जसं सांगितलं होतं तसं. आधीपासून असलेल्यांचं काय, यावर लोकांची मतं मागवली आहेत, निर्णय नंतर कळवू, असं सरकारने सांगितलं. तिने मला शब्द दिला नव्हता, तेव्हा तिने तो मोडला असंही म्हणता येत नाही. एप्रिल आधी येतो की निर्णय आधी येतो, एवढाच प्रश्न उरला.

त्यातच जावयाच्या कंपनीने त्याला पुण्याच्या हाफिसात जागा देऊ केली. पगार बरा, दोघांनाही घेणार, पण शुक्रवारपर्यंत हो की नाही ते सांगायचं. गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिघं टेबलाशी बसलो होतो. आमटी निवली होती.

"थांबलो आणि नियम बदलला तर सहा वर्षं अजून," जावई म्हणाला. "आणि मध्ये नोकरी गेली तर पुण्याची ही जागाही नसेल."

"आणि गेलो तर ही चार वर्षं पाण्यात," भाची म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाबांना सांगू का परत कौल लावायला?"

"नको."

"का? मागच्या वेळी..."

"मागच्या वेळी काय विचारलं होतं ते मला माहीत आहे," मी म्हटलं, आणि सांगून टाकलं. पंपाचा आवाज येत होता तेवढं सोडून सगळं सांगितलं. मत कुणाला दिलं तेही.

भाचीने आमटीची वाटी बाजूला सारली. जावई काहीतरी थट्टा करील असं मला वाटलं, पण त्याने केली नाही. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणजे तुला माहीत होतं, आणि तू शिरा खाल्लास," ती म्हणाली.

"एकच घास."

ती हसली का रडली मला कळलं नाही. डोळे पुसून म्हणाली, "मग आता तूच सांग, आत्या. तू म्हणशील तसं करू. तू कधी गोड बोलत नाहीस."

मला थांबा म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी ते म्हटलं असतं तर ती थांबली असती, आणि मग सहा वर्षांनी, चाळिशीत, मुलाशिवाय, या बसलेल्या सोफ्यावर बसून तिने मला काही म्हटलं नसतं, पण मी तिच्याकडे बघत बसले असते.

"माझं विचारू नकोस," मी म्हटलं. "तुम्ही गेलात तर मला होममध्ये जावं लागेल. मला त्याची फार भीती वाटते. तुझ्या बापाला गावात भीती वाटते, मला इथे. आम्हा दोघांचीही मतं धरू नका. तुम्ही दोघं ठरवा."

असं कोणी कोणाला तोंडावर सांगत नाही, मला माहीत आहे. मी ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं आणि खोलीत जाऊन दार लावलं. भिंतीपलीकडून त्यांचं बोलणं येत होतं. आधी तिचं, मग त्याचं. मी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं.

सकाळी जावई चहा करत होता. मला पाहून त्याने तोंड हलवलं. मी खुणेने थांब म्हटलं, आत जाऊन यंत्र लावून आले. ते लावायला एरवीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"पुण्याला नाही म्हणून कळवलं, आत्या," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये अर्ज टाकतो. नाही जमलं तर तेव्हा बघू."

"माझ्यासाठी?"

"नाही. तिला जायचं नाहीये. बाबांवर चिडून म्हणते, तसंही नाहीये." त्याने कप माझ्यासमोर ठेवला. "आणि सोफा घ्यायचा म्हणते. शनिवारी दुकानात जाऊ या, तुम्हीपण चला."

सोफा मापाने मोठा निघाला, दारातून तिरका करून आत आणावा लागला. त्याची परतीची मुदत संपून गेली. सरकारचा निर्णय अजून आलेला नाही आणि एप्रिलही आलेला नाही. सकाळी बातम्या लागल्या की भाची जिन्यातच थांबते, आणि मी नळ बंद करते.